पाळण्यातलं नाव, गॅलरीतलं नाव

प्रकाशचा पक्या का होतो? प्रक्या का होत नाही? सुरेशचा सुऱ्या, रमेशचा रम्या, मंगेशचा मंग्या, हे कुणी ठरवलं? लालबागला आमच्या चाळीत प्रकाश नावाचे जेवढे होते तेवढे सगळे पक्या होते. गिरगावात मावशीकडे राहायला गेलं की तिथल्या वाडीतला प्रकाशसुद्धा पक्याच. ह्या पक्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, त्यांच्या आयांची एकमेकींशी ओळख नव्हती आणि बारशाला जमलेल्या बायकांपैकी कुणीही पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'पक्या' म्हटलेलं नव्हतं. तरी नाव तेच. मला ह्या गोष्टीचं लहानपणापासून नवल वाटत आलं आहे, आणि वय वाढलं तसं ते नवल वाढतच गेलं.

परळच्या एका शाळेत मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. हजेरी घेताना 'प्रकाश' म्हटलं की 'हजर, बाई' असं उत्तर यायचं, पण सवयीचं, खाली बघून दिलेलं. मधल्या सुट्टीत तोच मुलगा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला असला तरी 'पक्याऽऽ' म्हटल्याबरोबर अख्ख्या अंगानिशी वळायचा. नवा मुलगा वर्गात आला की आठवड्याच्या आत त्याला नाव पडायचं, आणि कोणतं पडणार ते मला आधीच सांगता यायचं. प्रवीण आला, पव्या होणार. प्रशांत आला, पश्या. प्रमोद, पम्या. नितीनचा नित्या, मिलिंदचा मिल्या, अविनाशचा अव्या. संधी सोडवताना अडखळणारी ही मुलं कुणी न शिकवलेला हा नियम मात्र कधी चुकायची नाहीत.

नियम आहेच तो. नावातला पहिला स्वर घ्यायचा, त्याच्या पाठोपाठ येणारं व्यंजन पकडायचं, पुढचं सगळं सोडून द्यायचं आणि 'या' लावायचा. सुरेशमधला 'सु' राहिला, 'र' राहिला, झाला सुऱ्या. संदीपमधला अनुस्वार टिकतो, म्हणून संद्या. लक्ष्मणमधला 'क्ष' टिकतो, 'म' गळतो, म्हणून लक्ष्या. चंद्रकांतचा चंद्र्या कुणी करत नाही, चंद्या किंवा चंदू करतात. श्रीकांतची तर गंमत पाहा. तिथे 'श्री' हे जोडाक्षर सुटं होतं, 'र' पुढे सरकतो आणि शिऱ्या तयार होतो. हे सगळं चिंचोळ्या जिन्यात, गोट्या खेळताना, एका क्षणात घडतं.

प्रकाशमधला 'र' का जातो, ह्याचं उत्तर मला घरातच मिळालं. लहान मुलांच्या जिभेला 'र' बराच उशिरा येतो, आणि त्यातही जोडाक्षरातला 'र' फारच उशिरा. चाळीत मोठ्या भावाला पहिली हाक मारणारं माणूस बहुधा त्याची दीड-दोन वर्षांची बहीण असायची. तिच्या तोंडी प्रकाशचा 'पकाश' व्हायचा, आणि तो घरात सगळ्यांना इतका आवडायचा की आईसुद्धा तसंच म्हणू लागायची. प्रवीण, प्रदीप, प्रमोद, प्रशांत, सगळ्यांचा 'र' असाच बोबड्या बोलात विरघळला आहे. पुढे हीच मुलं मोठी होऊन गोदीत, गिरणीत, बँकेत, बेस्टमध्ये लागली, डोक्यावरचे केस पिकले, तरी बहिणीच्या त्या न आलेल्या 'र'ची खूण त्यांच्या नावात राहिली.

दुसरं कारण चाळीच्या बांधणीत आहे. आमच्याकडे दाराला घंटी नव्हती आणि दारं दिवसभर उघडीच असायची. कुणाला बोलवायचं तर पटांगणात उभं राहून वर बघून ओरडायचं. खाली नळावर बायकांची भांडणं, शेजारी कुणाचा तरी रेडिओ, गणपतीच्या दिवसांत ढोलाची तालीम, ह्या सगळ्यातून हाक तिसऱ्या मजल्यावर पोचायला हवी. 'प्रकाश' हा शब्द 'श'वर संपतो. 'श' ओरडता येत नाही, तो तोंडातच मरतो. 'पक्याऽऽऽ' मात्र श्वास असेपर्यंत लांबवता येतो. रमेश, दिनेश, संतोष, मिलिंद, नितीन ही सगळी नावं व्यंजनावर बंद होतात आणि हाक मारणाऱ्याला ती उघडी हवी असतात. म्हणून शेवटी 'या' येतो, 'ऊ' येतो, 'ई' येते. क्रिकेटच्या मैदानावरही तेच. कॅच उडाल्यावर 'सूर्यकांत, तू घे' म्हणायला वेळ कुठे असतो? 'सुऱ्या, तुझा!' एवढ्यात काम होतं.

मुलींच्या नावांचं जरा वेगळं. संगीताची संगी, मंगलाची मंगी, सुमनची सुमी, शकुंतलेची शकू, वत्सलेची वच्छी, गोदावरीची गोदी. हाक मारताना ही नावं आणखी एकदा वळतात: 'मंगे!', 'सुमे!', 'शके, येतेस का गं खाली?' ह्या 'ए'मध्ये काय काय मावतं ते मराठी बाईलाच कळेल. सागरगोटे खेळायला बोलावणारी मैत्रीण त्यात असते, आणि वेणी ओढून घालणारी आईही. पण मुलाचा पक्या साठीपर्यंत पक्या राहू शकतो. मुलीचं नाव मात्र तिच्या लग्नाच्या दिवशीच धोक्यात यायचं.

माझ्या आजीची गोष्ट सांगते. बाबांची आई. रेशनकार्डावर तिचं नाव सुशीला होतं, आणि चाळीत तिला सगळे सुशीलाबाई किंवा आबाची आजी म्हणत. दर वर्षी भाद्रपदाच्या आधी कणकवलीकडून तिचा धाकटा भाऊ यायचा. हातात ओल्या नारळांची पिशवी, डोक्याला टॉवेल बांधलेला. तो जिना चढायचा नाही. पटांगणात उभा राहायचा, पिशवी खाली ठेवायचा, दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडायचा, 'मथेऽऽऽ!' पहिल्या मजल्यावरची नवी बिऱ्हाडं डोकावून बघत, ही मथी कोण? आजी तांदूळ निवडत असली तर सूप तिथेच टाकून, गुडघ्यांवर हात देत उठायची, आणि एरवी भिंत धरून चालणारी ती बाई गॅलरीच्या कठड्याशी इतक्या झपाट्याने पोचायची की आम्हाला भीती वाटायची.

तिचं पाळण्यातलं नाव मथुरा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने 'सुशीला' लिहिलं गेलं आणि मथुरा संपली. कुठल्याही कागदावर ती उरली नाही. उरली ती फक्त 'मथे' एवढी हाक, तीही एकाच माणसाच्या तोंडी. टोपणनाव हे खऱ्या नावाची सावली असतं असं लोक सहज म्हणून जातात. इथे खरं नाव साठ वर्षांपूर्वी गेलं होतं आणि त्याचं टोपण तेवढं जिवंत होतं. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशीही माहेरच्या यमुनाच. एकीचं नाव बदलून रमा झालं, दुसरीचं आनंदी. त्यांना 'यमू' म्हणणाऱ्यांनी पुढे काय केलं असेल, हा विचार मी त्या दोघींविषयी वाचताना पुन्हा पुन्हा करते.

ह्याच आजीला एक नाव घेता येत नव्हतं. माझ्या आजोबांचं नाव विष्णू. ते गेल्यावर माझा भाऊ जन्मला आणि रीतीप्रमाणे त्याचं नाव विष्णू ठेवलं. आता पंचाईत अशी की आजीने नवऱ्याचं नाव उखाण्याखेरीज आयुष्यात घेतलेलं नाही, आणि आईला सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही. घरातल्या दोन्ही बायका, म्हणजे त्या पोराला दिवसातून शंभरदा हाक मारणाऱ्या दोघीही, त्याच्या नावापाशी गप्प. मग आजी त्याला 'आबा' म्हणू लागली. अर्धी चड्डी घातलेला, नाक ओढणारा आबा. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी 'विष्णू' म्हटलं तेव्हा तो शांतपणे खिडकीबाहेर बघत बसला होता, कारण ह्या नावाचा कुणी मुलगा त्याच्या ओळखीचा नव्हता.

आपल्याकडची पुष्कळ टोपणनावं ह्या अशा गप्प राहण्यातून आली आहेत, आणि हे फार जुनं आहे. पेशव्यांच्या घरात पाहा. बाळाजी विश्वनाथ १७२० च्या एप्रिलमध्ये वारले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये बाजीरावांना मुलगा झाला. नाव ठेवलं आजोबांचं, बाळाजी. पण आपण त्याला ओळखतो ते नानासाहेब म्हणून. आजी राधाबाई घरात होत्या, आई काशीबाई होत्या. एकीच्या नवऱ्याचं नाव, दुसरीच्या सासऱ्यांचं. त्या काळच्या घरात ह्या दोघी पाळण्यातल्या पोराला 'बाळाजी' म्हणून हाक मारतील हे शक्यच नव्हतं. नाना फडणवीसांचंही तेच. ते बाळाजी जनार्दन भानू, त्यांचे आजोबा बाळाजी महादजी भानू. पुन्हा आजोबांचं नाव, पुन्हा नाना. बाळाजी आणि नाना ह्यांच्यात एका अक्षराचंही साम्य नाही. पक्यामध्ये प्रकाश ऐकू येतो, नानामध्ये बाळाजी ऐकू येत नाही. तो मुद्दाम ऐकू येऊ नये असाच केला आहे. म्हणजे आपल्याकडे टोपणनावाचे दोन अगदी उलटे व्यवहार आहेत. एक नाव जवळ ओढणारा, दुसरा नाव झाकून ठेवणारा. आणि दोन्ही हाक मारणाऱ्याच्या गरजेने चालतात, ज्याला हाक मारायची त्याला कुणी विचारत नाही.

मुंबईने तर ही झाकणारी नावं नकाशावर चढवली. ग्रँट रोडचा नाना चौक ज्यांच्या नावाने आहे ते जगन्नाथ शंकरशेठ. मुंबईत पहिली आगगाडी आणण्यात ज्यांचा हात होता ते. पण टॅक्सीवाल्याला 'जगन्नाथ चौक' म्हणून पाहा, तो कुठे नेईल सांगता येणार नाही. भाऊचा धक्का ज्यांनी बांधला त्यांचं नाव लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य. पहाटे मासळीच्या लिलावाला जाणाऱ्या कोळणीला लक्ष्मण कोण ते ठाऊक नसतं, रेवसच्या बोटीत चढणाऱ्यालाही नसतं, पण भाऊ सगळ्यांचा. घाटकोपरच्या चिरागनगरात राहून ज्यांनी लिहिलं त्या अण्णा भाऊ साठ्यांचं नाव तुकाराम भाऊराव. आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारच्या संग्रहालयाला १९७५ मध्ये ज्या डॉक्टरांचं नाव दिलं, त्यांच्या 'भाऊ दाजी' ह्या जोडनावात भाऊ हे मुलाचं हाकेचं नाव आणि दाजी हे वडिलांचं. पितापुत्र दोघेही घरच्या नावानेच पाटीवर लागले. गिरगाव चौपाटीवर १ ऑगस्ट १९२० ला लाखो लोकांनी ज्यांना निरोप दिला, त्यांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. घरातली 'बाळ' ही हाक एवढी पक्की बसली की ते बाळ गंगाधर टिळक म्हणूनच इतिहासात गेले.

हाक मारणारा माणूस नावात स्वतःला मिसळतो, ह्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला इंग्रजीत सापडलं. एडवर्ड नावाच्या माणसाला तिकडे नेड म्हणतात. एडवर्डमध्ये सुरुवातीला 'न' कुठे आहे? जुन्या इंग्रजीत 'माझा' म्हणायला स्वरापुढे 'माइन' येई. आई 'माइन एड' म्हणायची, म्हणजे 'माझा एड'. ऐकणाऱ्याच्या कानाला तो 'माय नेड' वाटू लागला आणि 'माझा'मधला 'न' एडच्या नावाला कायमचा चिकटला. अ‍ॅनची नॅन आणि एलेनची नेल अशीच झाली. विल्यमचा बिल, रॉबर्टचा बॉब आणि रिचर्डचा डिक हे यमक जुळवून झालेले. विल म्हणता म्हणता बिल, रॉब म्हणता म्हणता बॉब, रिक म्हणता म्हणता डिक. पण मला नेडच आवडतो. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी आयांचं 'माझा' म्हणणं आज अनोळखी माणसांच्या ओळखपत्रावर छापलेलं आहे.

आपण 'माझा' असं नावाला चिकटवत नाही. आपण शेपटं बदलतो, आणि त्या शेपटांत सगळं नातं सांगून टाकतो. विठ्ठल हे एकच नाव घ्या. पोराटोरांत तो विठ्या. मायेने विठू. हात जोडले की विठोबा. जातं ओढता ओढता विठाई. कचेरीत विठ्ठलराव, पोथी हातात असली तर विठ्ठलपंत. घाटावरून गिरणीत आलेल्यांच्या तोंडी इठोबा. आणि ह्या पायऱ्या देवालाही चुकल्या नाहीत. जनाबाईने चिडून प्रत्यक्ष पंढरीच्या देवाला 'अरे विठ्या' म्हटलं आहे, आणि वारकऱ्यांनी ते सातशे वर्षं प्रेमाने जपलं आहे. संत स्वतःविषयी बोलताना सगळ्यात खालची पायरी घेतात: नामा म्हणे, तुका म्हणे, जनी म्हणे. लोकांनी त्यांना वर नेलं: नामदेवराय, तुकोबा, जनाबाई. विनायक नरहरी भाव्यांना आई विन्या म्हणायची, गांधीजींच्या आश्रमात ते विनोबा झाले. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० ला जे नाव चढलं ते 'भिवा'. त्याच भिवाला पुढे ज्यांनी बाबासाहेब म्हटलं, त्यांनी त्या 'बाबा'त आपला बाप पाहिला.

कुणी कोणती पायरी वापरायची, ह्याचे अलिखित हक्क असतात. माझे वडील वसंत. आई त्यांना 'अहो' म्हणायची, ऑफिसात ते नाना, आणि त्यांच्याबरोबर आट्यापाट्या खेळलेल्या तिघाचौघांना ते वश्या होते. हे वश्या आम्ही ऐकलं की अंगावर काटा यायचा. बाप वश्या कसा असेल? पण ते मित्र आले की वडील पायरीवर मांडी घालून बसायचे, चहा बशीत ओतून प्यायचे, मोठ्याने हसायचे. त्या हाकेने त्यांच्यातला जो माणूस बाहेर यायचा तो आम्ही घरात कधी पाहिलेला नव्हता. पक्या म्हणायचा हक्क पक्याच्या बायकोला नसतो, जावयाला नसतो, आणि वयाने लहान कुणी तो घेतला तर भांडण होतं. हा हक्क बरोबर वाढून मिळवावा लागतो. म्हणूनच असं म्हणणारा शेवटचा माणूस गेला की फार मोठं काही तरी जातं, असं मला वाटतं. आजीचा भाऊ गेल्यावर आजी बारा दिवस नीट जेवली नाही. तिला भाऊ गेल्याचं दुःख होतंच, पण एकदा ती आईला म्हणाली, 'आता मला मथे कोण म्हणेल?'

एखादं टोपण एखाद्या नावाला आणखी एका वाटेने चिकटतं. कुणी तरी एक नामांकित निघतो आणि त्याचं टोपण त्या नावाच्या सगळ्यांना वाटून टाकतो. लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आले आणि गल्लीगल्लीतले लक्ष्मीकांत, जे आधी कांता किंवा बाबू असायचे, ते लक्ष्या झाले. अशोक सराफ अशोकमामा झाले तशी अशोक नावाच्या विशीतल्या पोरांनाही मामा अशी हाक येऊ लागली. सुनील गावसकरांमुळे किती सुनील सनी झाले असतील! आमच्या चाळीत तर सुन्या म्हणवून घ्यायला एकही तयार नव्हता.

पांडूच्या बाबतीत जे झालं ते मात्र मला आजही लागतं. पांडुरंग हे आपल्या देवाचं नाव, आणि पांडू हे त्याचं घरगुती, मायेचं रूप. साने गुरुजी पांडुरंग, सेनापती बापटही पांडुरंग. १९७५ मध्ये दादा कोंडके यांचा 'पांडू हवालदार' आला आणि तुफान चालला. त्या चित्रपटात हवालदाराविषयी मायाच आहे. पण मुंबईच्या रस्त्याने त्यातून फक्त नाव उचललं आणि प्रत्येक हवालदाराच्या पाठीमागे 'पांडू' म्हणायला सुरुवात केली. गणपती विसर्जनाला सलग वीस तास उभा असलेला हवालदार, त्याचे पाय सुजलेले, आणि ट्रकवरून पोरं ओरडतात 'ए पांडू!' माझ्या वर्गात एक पांडुरंग होता, बाप पोलिसात. त्याने सगळ्यांना स्वतःहून सांगितलं होतं की मला रंगा म्हणा. आजोबांच्या नावाचा नातू असलेल्या त्या मुलाला आपलं अर्धं नाव टाकून द्यावं लागलं. 'या'चंही थोडं असंच झालं. मनोहर सुर्वेचा मन्या सुर्वे झाला, तो १९८२ मध्ये वडाळ्याला पोलिसांच्या गोळीने मेला, आणि वर्तमानपत्रांतल्या 'ऊर्फ'च्या मागे अशी नावं इतकी वर्षं येत राहिली की पांढरपेशा घरांत 'या' लावणं असंस्कृत ठरलं. आया बजावू लागल्या, 'त्याला नीट नावाने हाक मारा.' मला वाटतं ह्यात 'या'वर अन्याय झाला. जो 'या' जनाबाईच्या तोंडी शोभला तो आमच्या पोरांच्या तोंडी का शोभू नये?

हे शहर एकट्या मराठीचं कधीच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकाच्या हाकेची तऱ्हा शेजाऱ्याला ऐकू येत राहिली. दादरच्या पारशी कॉलनीत रुस्तमचा रुसी, जमशेदचा जिमी. भारताकडून खेळलेले नरी कॉन्ट्रॅक्टर मूळचे नरिमन, पॉली उम्रीगर मूळचे पहलन. वांद्र्याच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांच्या वाड्यांत अँथनीचा टोनी. त्यांचं ऐकून ऐकून आमच्याकडेही शेवटचा 'या' हळूहळू 'ई'कडे झुकला. माझ्या पिढीतला विकास विक्या होता, पुढच्या पिढीत विकास, विक्रम, विक्रांत, विवेक हे सगळे एकजात विकी झाले. संद्याचा सँडी झाला. ह्याचं मला दुःख नाही. पण चार वेगळ्या नावांचं एकच टोपण झालं की हाकेत माणूस ओळखू येत नाही, एवढं खरं.

काही वर्षांपूर्वी आमची चाळ पुनर्विकासाला गेली. पटांगणात खुर्च्या मांडून सभा भरली, बिल्डरच्या ऑफिसातला एक तरुण मुलगा भाडेकरूंची यादी वाचायला उभा राहिला. तो आडनावासकट पूर्ण नावं घेत होता आणि समोर नुसती शांतता. माणसं तिथेच बसलेली, पण नाव ऐकून शेजारी शेजाऱ्याकडे बघत होते. 'दत्तात्रय म्हणजे कोण रे?' 'अरे, आपला दत्तू!' 'बाळकृष्ण सखाराम?' 'बाळ्या, तुझं नाव पुकारलं, हात वर कर!' चाळीस वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेल्या माणसांना एकमेकांची खरी नावं त्या संध्याकाळी कळली. पुढे कागदपत्रं तपासताना खरी अडचण आली. जुन्या भाड्याच्या पावत्यांवर घरमालकाच्या मेहताजीने जे ऐकलं ते लिहिलं होतं: बाळू, गणू, सदू. आधारकार्डावर बाळकृष्ण, गणपत, सदाशिव. मग प्रत्येकाला नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागलं की बाळू सखाराम आणि बाळकृष्ण सखाराम ह्या दोन व्यक्ती नसून एकच आहे. शंभराच्या बाँडवर टाईप केलेला तो कागद मी वाचला. बाळकृष्णकाका सही करताना दोन वेळा थांबले आणि म्हणाले, 'पोरी, आयुष्य बाळूने काढलं, आता फ्लॅट बाळकृष्णाला मिळणार.'

आता मी मुलुंडला राहते, सोळाव्या मजल्यावर. इथे कुणी खालून हाक मारत नाही, फोन करतात. नव्या मुलांची नावं विहान, आरव, अद्विक, कियान, शर्विल. सुरुवातीला मला वाटलं होतं की ह्या नावांपुढे आपला जुना नियम हात टेकेल. ही नावं मुळातच आखूड आहेत, आणि आईबाप रुग्णालयातच लाडाचं नाव ठरवून येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर कळवतातही. आरवला 'या' लावावा तर आऱ्या होतो आणि तो थेट दुसऱ्या मजल्यावरच्या आर्याला जाऊन भिडतो. विहानमधला 'ह' तर 'या'पुढे ओरडताच येत नाही.

पण मे महिन्याच्या सुट्टीत संध्याकाळी पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलं क्रिकेट खेळतात, आणि मी बाकावर बसून ऐकते. त्यांचं बोलणं निम्मं हिंदी, बरंचसं इंग्रजी. घरी कुणी गुजराती बोलतं, कुणी तमिळ, वॉचमनचा मुलगा भोजपुरी. गेल्या आठवड्यात एक उंच झेल उडाला. खाली तिघं धावले. यष्टीमागून एक मुलगा ओरडला, 'पंक्या, छोड! कार्त्या का है!' पंकज वॉचमनचा, कार्तिक दहाव्या मजल्यावरच्या अय्यरांचा, आणि ओरडणारा सुरतेकडचा हार्दिक. कार्त्याने झेल सोडला. लगेच सगळ्यांनी मिळून त्याला झापलं, आणि शर्विल, ज्याची आई त्याला घरी 'शोना' म्हणते, चेंडू गटाराच्या जाळीतून काढत म्हणाला, 'हार्द्या, पुढची ओव्हर मी टाकतो.'

'शऱ्या, तू नको,' हार्दिक म्हणाला. 'तू वाइड टाकतोस.'